रोमनंतरच्या युरोपातली श्रीमंत थडगी: सत्ता कोणाची, आणि दिखावा कोणासाठी?

प्रश्न असा आहे: पश्चिम रोमन साम्राज्य पाचव्या शतकात कोसळलं आणि त्यानंतर उत्तर फ्रान्स, ऱ्हाइनकाठ, इंग्लंड या भागांत तलवारी, सोन्याचे दागिने, घोडे यांच्यासह पुरलेली माणसं एकदम का दिसू लागतात? ते बाहेरून आलेल्या टोळ्यांचे सरदार होते, की तिथलेच बडे लोक? थडग्यातल्या ऐवजावरून माणसाची सत्ता मोजता येते का? आणि पूर्व इंग्लंडमधलं सटन हूचं जहाज-थडगं खरंच एका राजाचं आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भरगच्च थडगं पाहून 'इथे सत्ता होती' असं म्हणण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ते सत्तेवर सांगितलेला हक्क असतं, आणि हक्क सांगावा लागतो तो गादी डळमळीत असते तेव्हा. म्हणून स्थानिक बड्यांचा उदय शोधताना सोनं कुठे निघालं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते पुरणं कधी थांबलं हेही.

चिल्डेरिकपासून सुरुवात करू, कारण या काळातल्या फार थोड्या थडग्यांत मृताचं नाव सापडतं. २७ मे १६५३ रोजी आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने शहरात, सेंट ब्रीस चर्चजवळ खोदकाम करताना आद्रियाँ कँकँ नावाच्या मूकबधिर गवंड्याच्या हाती सोनं लागलं. शंभरावर सोन्याची नाणी, सुमारे दोनशे चांदीची नाणी, लाल खड्यांनी मढवलेली तलवार आणि आखूड सुरा, फेकायची कुऱ्हाड, सोन्याचं कडं, तीनशेच्या आसपास छोट्या सोन्याच्या मधमाश्या, आणि एक अंगठी. अंगठीवर उलटी अक्षरं कोरलेली, म्हणजे मोहोर उमटवली की सुलटी दिसणारी: 'चिल्डेरिकी रेगिस', राजा चिल्डेरिकची. फ्रँक या ऱ्हाइनकाठच्या टोळ्यांचा हा राजा ४८१ किंवा ४८२ मध्ये वारला. क्लोविस हा त्याचा मुलगा. जाँ-जाक शिफ्ले या दरबारी वैद्याने १६५५ मध्ये या ऐवजाची चित्रं छापली, आणि ते फार बरं झालं. १८३१ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात चोरी झाली आणि बहुतेक सोनं वितळवलं गेलं. आज मधमाश्या उरल्या आहेत दोन. त्याआधी, १८०४ मध्ये, नेपोलियनने त्यांच्यावरूनच आपल्या बादशाहीचं चिन्ह उचललं होतं.

आता ऐवज नीट पाहा. अंगठीवरच्या राजाचे केस लांब आहेत. फ्रँक राजघराण्याची ती खूण. पण अंगावर रोमन सेनापतीचं चिलखत आणि झगा, हातात भाला. झगा खांद्याशी अडकवायचा सोन्याचा आकडा रोमन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नमुन्याचा. नाण्यांत पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटांची सोन्याची नाणी, झेनोच्या काळापर्यंतची. रेम्सचा बिशप रेमिजियस याने क्लोविसला लिहिलेल्या पत्रात, तुझ्या वाडवडिलांप्रमाणे तूही 'दुसऱ्या बेल्जिका' प्रांताचा कारभार हाती घेतलास, अशा आशयाचं वाक्य आहे. म्हणजे रोमन प्रांताचा कारभारी ही भूमिका नुसती अंगठीपुरती नव्हती. पण १९८० च्या दशकात रेमों ब्रुले यांनी त्याच परिसरात उत्खनन केलं, तेव्हा जवळपास तीन खड्डे निघाले आणि त्यांत मिळून २१ घोडे. रोमन अधिकाऱ्याच्या मयतीला कोणी घोडे मारत नसे.

या दोन्ही खुणा ठरवून मांडल्या गेल्या होत्या. मांडणारा अर्थातच चिल्डेरिक नव्हता. मांडणारा क्लोविस, वय पंधरा-सोळा, आणि त्याच्या भोवतीची मंडळी. स्वासोंला सायाग्रियस हा रोमन सेनापतीचा मुलगा ठाण मांडून बसलेला, कांब्रेला राग्नाकार हा दुसरा फ्रँक राजा. रोमचा माणूसही मीच आणि फ्रँकांचा राजाही मीच, हे त्या पोराला सगळ्यांदेखत सांगायचं होतं; बाप निमित्त. हाच क्लोविस ५११ मध्ये वारला तेव्हा त्याला पॅरिसमध्ये त्याने स्वतः बांधायला घेतलेल्या चर्चमध्ये, संत जनव्हिएव्हच्या शेजारी पुरलं. घोड्यांचं नाव नाही. तोवर सायाग्रियस आणि राग्नाकार या दोघांनाही त्याने संपवलं होतं.

हत्यारांसह पुरण्याची रीत टोळ्यांनी सीमेपलीकडून आणली, हे स्पष्टीकरण अजून सर्रास वाचायला मिळतं. अडचण अशी की ज्या प्रदेशांतून हे लोक आले असं मानलं जातं, तिथे चौथ्या शतकात बहुतेक मृतांना जाळत आणि राखेबरोबर फारसं काही ठेवत नसत. हत्यारांची थडगी आधी ठळकपणे दिसतात ती साम्राज्याच्या आत, उत्तर गॉलमध्ये (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग). व्हेरमां इथे १८८० च्या दशकात सापडलेलं चौथ्या शतकाच्या अखेरचं थडगं घ्या: दगडी शवपेटी, आणि भाल्याच्या दांड्यावरची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली जडणघडण. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अशा थडग्यांत मिळणारे खोल कोरीव नक्षीचे ब्राँझचे कमरपट्टे रोमन लष्करी वेशातले. घालणाऱ्यांचे आजोबा ऱ्हाइनपलीकडचे असतीलही, पण ते मिरवत होते तो दर्जा रोमन सैन्याचा होता. याच पट्ट्यातले रोमन वाडे, मोठमोठ्या शेतीवाड्यांसह, तेव्हा ओस पडत होते. फ्रान्स थ्यूस या पुरातत्त्वज्ञाने मांडलं आहे की ही दफनं म्हणजे बेवारस झालेल्या जमिनीवर कुटुंबांनी रोवलेला दावा होता. मला हे पटतं. निदान उत्तर गॉलपुरतं.

विसाव्या शतकात बराच काळ अभ्यासाची चौकट वेगळी होती. रांगेने पुरलेल्या या हजारो दफनांना योआखिम वेर्नर यांनी एका सलग संस्कृतीचा भाग मानलं. १९७३ मध्ये रायनर क्रिस्टलाइन यांनी ऐवजाच्या प्रतीवरून थडग्यांचे अ ते ड असे वर्ग पाडले, आणि पुढे कित्येक अहवालांत 'क वर्ग म्हणजे गावचा धनी' असा सरळ हिशोब होऊ लागला. वर्गवारी म्हणून ती आजही उपयोगी आहे. समाजाची पायरी म्हणून वाचली की फसते.

का फसते ते ईशान्य फ्रान्समधल्या मेत्सच्या परिसरात दिसतं. इतिहासकार गाय हॉल्सॉल यांनी तिथल्या सहाव्या शतकातल्या दफनांची वय आणि लिंग यांनुसार मांडणी केली. सर्वांत जास्त दागिने कोणाच्या अंगावर? वयात आलेल्या मुली आणि तरुण, लेकुरवाळ्या बायांच्या. म्हाताऱ्या बायकांकडे फारच थोडं. पुरुषांत हत्यारं जास्त ती कर्त्या वयाच्या माणसांकडे. श्रीमंती हा एकच निकष असता तर घरातली म्हातारी रिकाम्या हातांनी का गेली असती? हॉल्सॉल यांचं उत्तर असं: तरुण बाई मेली की दोन घरांमधली सोयरीकच तुटायला येते, कर्ता पुरुष मेला की मुलं लहान आणि भाऊबंद टपलेले. मरणाने जिथे भगदाड पडतं तिथे घर जास्त खर्च करतं, पंचक्रोशीला जेवू घालतं, आणि उघड्या खड्ड्यात ऐवज मांडून सगळ्यांना दाखवतं. आपल्याकडच्या लग्नांचा अनुभव असलेल्याला हे समजावून सांगायला नको: मांडवाचा खर्च पाहून घराची खरी पत कळत नाही, कळतं ते घर कोणाला काय दाखवू पाहतंय एवढंच.

इंग्लंडमधल्या हत्यारांच्या दफनांवर हाइनरिख हेर्के यांनी असंच काम केलं. हत्यारांसह पुरलेल्यांत लढू न शकणारी लहान मुलं निघाली, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेली माणसं निघाली. काही ठिकाणी ढाल आहे पण भाला नाही, म्हणजे लढाईला निरुपयोगी संच. आणि ही रीत जोरात होती तो काळ लिखित साधनांतल्या लढायांच्या काळाशी जुळत नाही. कोलोनच्या कॅथेड्रलखाली १९५९ मध्ये ओटो डोपेलफेल्ड यांना सापडलेला मुलगा याचं टोकाचं उदाहरण आहे. वय सहाच्या आसपास, काळ सहाव्या शतकाचा पूर्वार्ध. सोबत तलवार, कुऱ्हाड, शिरस्त्राण, लाकडी पलंग आणि खुर्ची. त्या पोराने काय लढाई केली असणार! पण तो मोठा होऊन कोण झाला असता, हे त्याच्या घराने कोलोनभर सांगितलं.

हा सगळा प्रकार समकालीनांना कसा दिसत होता याची एक गोष्ट तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो. गुंट्राम बोसो नावाचा एक मोठा सरदार होता. त्याच्या बायकोची एक नातलग निपुत्रिक वारली आणि मेत्सच्या एका चर्चमध्ये भरपूर दागिने आणि सोन्यासह पुरली गेली. काही दिवसांनी संत रेमिजियसच्या उत्सवासाठी बिशप आणि गावातले प्रतिष्ठित शहराबाहेर गेले, तेव्हा बोसोच्या नोकरांनी चर्चमध्ये शिरून दारं लावून घेतली आणि थडगं उघडलं. बोभाटा झाला, नोकर पळाले, पकडले जाऊ या भीतीने परत आले, ऐवज वेदीवर ठेवला आणि धन्याचं नाव सांगून मोकळे झाले. बोसोला राजापुढे उभं राहण्याचं बोलावणं आलं आणि तो पळाला. मला या गोष्टीत चोरीपेक्षा 'निपुत्रिक' हा तपशील बोलका वाटतो. वारस नाही, माहेर-सासरचे दोन्हीकडचे लोक डोळे लावून बसलेले. अशा वेळी सोनं मातीत घालणं म्हणजे ते वाटणीतूनच काढून टाकणं. बोसोला ते वाटणीत परत हवं होतं.

ही सगळी चर्चा ऐवज मिळतो त्या प्रदेशांची झाली. पण रोमनंतरच्या बड्यांचा मोठा हिस्सा असा आहे ज्याच्या थडग्यात आपल्याला काहीच मिळत नाही, आणि प्रश्न विचारणारे त्याला नेहमी विसरतात.

सिदोनियस अपोलिनारिस हा दक्षिण गॉलचा सरदार. सासरा एव्हिटस काही काळ सम्राट, आजोबा गॉलचे सर्वोच्च रोमन अधिकारी आणि घराण्यात बाप्तिस्मा घेतलेले पहिले, स्वतः पुढे क्लेर्मोंचा बिशप. त्याच्या एका पत्रात प्रसंग आहे: घोड्यावरून जाताना त्याला दिसतं की स्मशानात मजूर नवा खड्डा खणताहेत, आणि तोही नेमका त्याच्या आजोबांच्या थडग्यावर. पावसाबर्फाने मातीचा उंचवटा सपाट झाला होता, वर दगड नव्हता. सिदोनियसने घोडा पिटाळला आणि त्या मजुरांना जागच्या जागी फटके मारवले. मग त्या रात्री काय केलं, तर कविता रचली, आणि पुतण्याला लिहिलं की माती पुन्हा चढव, वर घोटीव शिळा बसव आणि या ओळी कोरून घे. एवढा मोठा माणूस इतकी वर्षं बिनखुणेच्या मातीखाली होता आणि घराण्याच्या प्रतिष्ठेला त्याने काही बाधा आली नव्हती. जमीन, नाव, लॅटिन आणि बिशपची गादी ही त्यांची साधनं होती. तलवार पुरायची गरज नव्हती. पुरातत्त्वाच्या नजरेने मात्र हे घराणं जवळजवळ अदृश्य आहे.

वेल्समध्येही तसंच. तिथे पाचव्या-सहाव्या शतकात ऐवज नाही, पण कोरीव दगड उभे आहेत. पेनमाख्नो इथला एक दगड सांगतो की इथे कांतिओरिक्स पुरला आहे, तो व्हेनेदोसचा म्हणजे ग्विनेडचा नागरिक होता आणि मॅग्लस या दंडाधिकाऱ्याचा भाऊबंद होता. साम्राज्याने ब्रिटनमधून हात काढून घेतल्यावर डोंगरातली एक पंचक्रोशी स्वतःला नागरिक आणि दंडाधिकारी म्हणवून घेते आहे. बडेपणाची ती भाषा रोमन, पण तिला मान्यता देणारे आता शेजारीपाजारीच. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत गॉथ राजा थिओडोरिकच्या नावाने त्याचा अधिकारी कॅसिओडोरसने लिहिलेलं एक फर्मान आहे: थडग्यांवर इमारती आणि संगमरवर असू द्या, पण ज्यात मालकच उरला नाही असं सोनं मातीतून काढा, ते जिवंतांच्या कामाला यावं.

आता थोडं धंद्याचं. एखादी दफनभूमी हाती आली की मी सोन्याच्या थडग्याकडे शेवटी जातो. आधी पाहायचं ते दफनभूमीचा नकाशा: सुरुवात कुठून झाली, रांगा कशा सरकल्या, ते थडगं इतरांमध्ये आहे की बाजूला, त्याच्याभोवती नंतर कोणी गर्दी केली का. मग वय आणि लिंग, हाडांवरून, वस्तूंवरून नव्हे. तलवार आहे म्हणून पुरुष आणि मणी आहेत म्हणून बाई, हा हिशोब जुन्या अहवालांत इतका मुरला आहे की त्यांवर उभी केलेली आकडेवारी मी हात राखूनच वापरतो. गंजलेलं लोखंड तिथल्या तिथे साफ करायचा मोह आवरावा लागतो, कारण गंजातच कापडाचा, चामड्याचा आणि म्यानाच्या लाकडाचा ठसा अडकलेला असतो. मातीसकट उचलायचं आणि आधी क्ष-किरण.

नाण्याने तारीख लागते असं वाटतं, पण ते फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं. वस्तूंच्या शैलीवरची तारीखही सरकते. पॅरिसजवळ सेंट डेनिसच्या चर्चमध्ये १९५९ साली मिशेल फ्लूरी यांना मिळालेली अरेगुंद राणी हे उदाहरण. अंगठीवर नाव होतं, पण वय आणि मृत्यूचा काळ यांवर अनेक वर्षं वाद चालला. पुढे हाडं आणि दात नव्याने तपासल्यावर ती साठीच्या घरात वारली असं ठरलं, लहानपणी पोलिओसारख्या आजाराने तिचा पाय अधू झाला होता हेही कळलं. मेत्सच्या म्हाताऱ्या बायकांना काही मिळत नाही, आणि इथे साठीची बाई रेशीम आणि सोन्याने सजलेली. मला यात विसंगती दिसत नाही: ती राज्यावर असलेल्या चिल्पेरिकची आई होती, तिच्या जाण्याचं राजकारण साठीतही संपलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, बहुसंख्य थडगी आपल्या आधी कोणीतरी उघडलेली असतात, आणि तेही पुरल्यानंतर एक-दोन पिढ्यांतच. पूर्वी याला सरसकट लूट म्हणत. फ्रँकांच्या सॅलिक कायद्यात पुरलेलं प्रेत उकरून लुबाडणाऱ्याला मृताच्या नातलगांशी तडजोड होईपर्यंत समाजाबाहेर काढायची तरतूद होती, म्हणजे लूट होत असणारच. पण उघडणाऱ्यांनी सगळं नेलेलं नाही. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये कपड्यावरचे ब्रोच नेले आणि गळ्यातली पदकं तशीच ठेवली, असं दिसतं. पैशासाठी आलेला चोर असा निवडक नसतो. काही वेळा वारसच वडिलांची तलवार परत न्यायला आले असावेत. व्यवहारात याचा अर्थ असा की रिकामं थडगं म्हणजे गरीब थडगं नव्हे. बोटाच्या किंवा गळपट्टीच्या हाडावर तांब्याचा हिरवा डाग दिसला की तिथे काहीतरी होतं हे नोंदवून ठेवायचं.

प्राचीन डीएनएने टोळ्यांचा जुना प्रश्न पुन्हा उकरला आहे. २०१८ मध्ये हंगेरीतलं सोलाद आणि तुरिनजवळचं कोलेन्यो या दोन, लोंबार्ड टोळीच्या दफनभूमींतल्या ६३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे एकेका मोठ्या घराण्याभोवती मांडणी दिसली, आणि उत्तर-मध्य युरोपीय वंशाच्या लोकांजवळ ऐवज जास्त, दक्षिणी वंशाच्या लोकांजवळ कमी. म्हणजे 'हे सगळं नाटक आहे, स्थलांतराचा संबंध नाही' असं म्हणणाऱ्यांनाही गप्प बसावं लागलं. पण त्याच वर्षी उल्मजवळच्या नीडरश्टोट्सिंगेनचा निकाल आला. तिथे साधारण ६०० च्या आगेमागे तेरा जण इतरांपासून वेगळे, हत्यारं आणि घोड्यांसह पुरलेले. त्यांतले काही जवळचे रक्तसंबंधी, काहींचा घराण्याशी रक्ताचा संबंध नाही आणि दोघांचा वंश भूमध्य बाजूचा. पण ऐवजात डावं-उजवं नाही. एकाच कुटुंबातल्या माणसांच्या वस्तूही फ्रँक, लोंबार्ड आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) अशा वेगवेगळ्या घडणीच्या. २०२२ च्या इंग्लंडवरच्या मोठ्या अभ्यासात पूर्व आणि दक्षिण भागातल्या दफनांत ७६ टक्क्यांपर्यंत वंशवाटा समुद्रापलीकडचा निघाला, पण हत्यारं मात्र स्थानिक आणि आगंतुक दोन्ही वंशांच्या पुरुषांबरोबर. तेव्हा 'बाहेरचे की इथलेच' याचं उत्तर प्रदेशागणिक बदलतं. जिथे मोठं घराणं बाहेरून आलं तिथेही दोन पिढ्यांत त्यात इथले लोक सामील झालेले दिसतात, आणि पुढचे स्थानिक बडे याच मिसळीतून निघतात.

एक भारतीय धागाही यात आहे. चिल्डेरिकच्या तलवारीवरचे लाल खडे म्हणजे तामडा, गार्नेट. पातळ चकत्या, मागे जाळीदार ठसा असलेला सोन्याचा पत्रा, म्हणजे उजेड आतून परतून येतो. फ्रान्समधल्या प्रयोगशाळांत झालेल्या रासायनिक विश्लेषणानुसार पाचव्या-सहाव्या शतकातला बराच तामडा भारत आणि श्रीलंकेतला आहे. सातव्या शतकात तो आटतो आणि बोहेमियातले बारीक खडे येतात. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कॅलियाना'चा, म्हणजे आपल्या कल्याणचा, मोठी बाजारपेठ म्हणून उल्लेख केला आहे. पण तो तिथल्या धातूविषयी, लाकडाविषयी आणि कापडाविषयी लिहितो, खड्यांविषयी नाही. तामडा कल्याणमार्गे गेला असं यावरून म्हणू नये. ऱ्हाइनकाठचा एक गावपुढारी हिंदी महासागराच्या व्यापारावर आपली ऐट उभारत होता, एवढं मात्र पक्कं.

६०० च्या आसपास चित्र पालटतं. गावच्या रांगांमध्ये पुरले जाणारे बडे लोक बाजूला सरकतात: आधी वेगळी छोटी दफनभूमी किंवा मातीचा टेकाडवजा ढीग, मग स्वतःच्या जमिनीवर बांधलेलं चर्च. ऱ्हाइनलँडमधल्या मोर्केनचा धनी, तिबेरियस दुसरा या सम्राटाचं (५७८ ते ५८२) नाणं आणि शिरस्त्राण घेऊन पुरलेला, ज्या टेकडीवर होता तिथेच नंतर सेंट मार्टिनचं चर्च उभं राहिलं. इटलीत मिलानजवळ त्रेत्सो सुल्ल'अद्दा इथे सातव्या शतकातल्या लोंबार्ड दफनांत रोडखिस आणि आन्सवाल्ड अशी नावं कोरलेल्या सोन्याच्या मोहोरेच्या अंगठ्या मिळाल्या. मोहोर मिरवणारी माणसं कागदपत्रांच्या राज्यात शिरलेली असतात. त्याच सुमारास मठांना दिलेल्या जमिनींची दानपत्रं वाढत जातात. ७०० पर्यंत फ्रँक राज्याच्या बहुतेक भागात ऐवज पुरणं जवळजवळ थांबतं. लोक गरीब झाले नाहीत. संपत्ती आता चर्चला, मृताच्या नावे होणाऱ्या प्रार्थनांना आणि इनामांना जाऊ लागली, आणि वारसाहक्क दानपत्रात साक्षीदारांसह लिहिला जाऊ लागला. खऱ्या अर्थाने रुजलेला जमीनदार वर्ग मला इथे दिसतो, थडगी ओकीबोकी झाल्यावर.

आता सटन हू. १९३९ मध्ये एडिथ प्रेटी यांच्या जमिनीवर बेसिल ब्राउन यांनी एक नंबरचा ढीग खणला आणि २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा मिळाला. आत बायझंटाइन चांदी, शिरस्त्राण, तामड्याचं जडावकाम, आणि थैलीत फ्रँक प्रदेशातली ३७ सोन्याची नाणी, प्रत्येक वेगळ्या टांकसाळीचं. नाण्यांचा काळ आणि ऐवजाची शान पाहता ६२४ च्या सुमारास वारलेल्या ईस्ट अँग्लिया या पूर्व इंग्लंडमधल्या राज्याच्या रेडवाल्ड राजाचं नाव सर्वांत योग्य वाटतं. सिद्ध झालेलं नाही. आम्लयुक्त मातीने देहच ठेवला नाही. आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू आणि इतिहासकार बीड सांगतो की रेडवाल्डने एकाच देवळात ख्रिस्तासाठी वेदी ठेवली आणि जुन्या देवांसाठीही. दोन दगडांवर पाय ठेवलेला राजा, आणि मरताना पुढच्या गादीचा भरवसा नाही: जहाज जमिनीवर ओढून आणण्याइतका खटाटोप कधी करतात, तर अशाच वेळी. याच्या जरा आधीचं, २००३ मध्ये एसेक्समध्ये सापडलेलं प्रिटलवेलचं थडगं मला तर सटन हूपेक्षाही शिकवून जातं. तिथल्या लाकडी खोलीत भांडी भिंतीवरच्या लोखंडी आकड्यांना टांगलेल्या स्थितीत मिळाली, म्हणजे झाकण्यापूर्वी लोकांनी ती खोली कशी पाहिली हे जवळजवळ जसंच्या तसं कळतं.

राजाची सत्ता शोधायची तर मी सटन हूपासून सहा-सात किलोमीटरवरच्या रेंडलशॅमला जाईन. बीडने ईस्ट अँग्लियाचं राजस्थान म्हणून त्याचं नाव घेतलं आहे, आणि २०२२ मध्ये तिथे २३ मीटर लांबीच्या भव्य सभागृहाचा पाया मिळाला. तुलनेसाठी केंट पाहा. तिथला राजा एथेलबर्ट ६१६ मध्ये, म्हणजे सटन हूच्या आठेक वर्षं आधी, वारला. फ्रँक राजकन्या त्याची बायको, स्वतःच्या नावाने कायदा लिहवून घेतलेला, किनाऱ्यापलीकडचा व्यापार हाताशी. त्याला कँटरबरीत पीटर आणि पॉल यांच्या चर्चमध्ये, सेंट मार्टिनच्या दालनात बायकोशेजारी पुरलं. जहाज नाही, ढीग नाही, आणि त्या पिढीत दक्षिण इंग्लंडमध्ये त्याच्याहून मोठा राजा नव्हता.